किशोरांसाठी शहरी कादंबरी लिहिताना: आधी नकाशा, मग कथानक

किशोरांसाठी लिहिलेली शहरी कादंबरी फसते ती बहुतेक वेळा एकाच जागी. लेखक कथानक आधी रचतो आणि शहर मागाहून भरतो: एक लोकल, एक वडापाव, एक तुंबलेला रस्ता. मग पंधरा वर्षांची नायिका अर्ध्या तासात दादरहून विरारला पोचते, रिक्षाचे पैसे कुठून आले ते कळत नाही, आणि रात्री दहाला घरी आली तरी कुणी काही विचारत नाही. तेरा ते अठरा वयाच्या वाचकाला ही लबाडी पहिल्या दहा पानांत कळते. वेळ, पैसे, परवानगी आणि मोबाइल या चार गोष्टींशी त्याची रोजची मारामारी असते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. समजायला सोपं जावं म्हणून सगळीकडे एकच नमुना घेतला आहे. केतकी दहावीत आहे. लालबागमधली तिची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली आहे. घरचे बिल्डर देतो त्या भाड्यावर डोंबिवलीत राहायला गेलेत, शाळा मात्र परळचीच ठेवली, कारण दहावीत शाळा कोण बदलणार? नवं घर कुणाला मिळणार त्या पात्रता यादीत नाव येण्यासाठी आजोबांच्या जुन्या भाडेपावत्या लागणार आहेत आणि त्या ट्रंकेसकट बंद खोलीत राहिल्या आहेत.

## टप्पा १: वाचकाचं वय आणि पुस्तकाचा आकार

तेरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा हे दोन वेगळे वाचक आहेत. दोघांसाठी एकच पुस्तक लिहायला गेलात तर दोघेही ते खाली ठेवतील. मुख्य पात्र वाचकापेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठं ठेवा. आठवी-नववीच्या वाचकाला दहावीतली केतकी चालते, पण अकरावीच्या मुलीला ती 'लहान' वाटते.

आकार आधी ठरवा. तेरा ते पंधरासाठी २५ ते ३० हजार शब्द, २० ते २२ प्रकरणं, दर प्रकरणाला १,२०० ते १,५०० शब्द. डेमी आकाराच्या पानावर साधारण अडीचशे शब्द बसतात आणि पुस्तक सोळा पानांच्या फॉर्म्यात (एका वेळी एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) छापलं जातं, म्हणजे तीस हजार शब्द आठ फॉर्म्यांच्या आसपास जातात. साठ हजार शब्दांची पहिली कादंबरी घेऊन गेलात तर प्रकाशक कागदाचा हिशेब आधी करतो, वाचायला नंतर घेतो.

## टप्पा २: एक किलोमीटर

'मुंबई' हा परिसर होत नाही, 'पुणे'ही होत नाही. कथेचं केंद्र म्हणून पायी फिरता येईल असा एक किलोमीटरचा तुकडा निवडा आणि त्याला जोडणारा प्रवासाचा एकच मार्ग घ्या. केतकीसाठी करी रोड स्टेशन ते परळची शाळा हा तुकडा आणि मध्य रेल्वे हा मार्ग.

तिथे किमान तीन वेळा जा: शाळा भरताना, शाळा सुटताना आणि रात्री आठनंतर. सोबत कोरा ए-३ कागद न्या आणि नकाशा हाताने काढा. फोनमधला नकाशा दुकानांची नावं सांगतो, पण कोणत्या ओट्यावर मुलं बसतात, कुठे त्यांना हाकलतात, कोणत्या गल्लीतून एकटी मुलगी जात नाही, कोणत्या वळणावर घरच्यांच्या ओळखीचा माणूस हमखास उभा असतो, हे त्यात नसतं. कथेला लागतं ते हेच. नकाशावर तीन खुणा करा: जिथे पैसे न देता बसता येतं, जिथे कुणीतरी ओळखतं, जिथे कुणीच ओळखत नाही.

मग प्रवास मोजा, आणि अंदाजाने मोजू नका. बहुतेक फास्ट गाड्या परळला थांबत नाहीत. केतकीला एकतर डोंबिवलीहून स्लो पकडून तासाभराहून जास्त घालवावा लागेल, नाहीतर फास्टने दादरला उतरून पुन्हा स्लो किंवा पायपीट. तिच्याबरोबर धाकटा भाऊ ओम असेल आणि तो तेरा वर्षांचा असेल, तर दोघं एका डब्यात नसतात, कारण लेडीज डब्यात मुलाला बाराव्या वर्षापर्यंतच मुभा आहे. म्हणजे तिला जनरल डब्यात तरी चढावं लागेल, नाहीतर ओमला एकट्याला सोडून 'दादरला इंडिकेटरखाली थांब' असं सांगावं लागेल. अख्खं एक प्रकरण या नियमातून निघतं, आणि घरी बसून ते सुचलं नसतं.

> तपासा: रविवारचा प्रसंग असेल तर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या) धरलाय का? दुपारी मुख्य मार्गावरून पात्रं विनाअडथळा धावत असतील, तर मुंबईचा वाचक तिथेच थांबतो.

### नावांची पिढी

एकच स्टेशन तीन तोंडी तीन नावांनी येतं. आजोबा 'व्हीटी' म्हणतील, बाबा 'सीएसटी' आणि ओम 'सीएसएमटी'. पहिला बदल १९९६ चा, दुसरा २०१७ चा. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ मध्ये झालं, पण परळच्या गिरणीत आयुष्य काढलेला माणूस अजूनही 'एल्फिस्टन'च म्हणतो. करी रोडचं नाव लालबाग करण्याचा ठराव विधिमंडळात जुलै २०२४ मध्ये झाला, तरी त्या वर्षात घडणाऱ्या कथेत फलाटावरची पाटी करी रोडचीच आहे. सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच नाव दिलंत, तर सगळी एकाच वयाची वाटतात.

## टप्पा ३: वर्ष आणि दिनदर्शिका

'आजच्या काळात' घडणारी कथा प्रत्यक्षात कोणत्याच काळात घडत नाही. एक शैक्षणिक वर्ष निवडा आणि त्याची दिनदर्शिका भिंतीवर लावा. २०२४-२५ घेतलं तर केतकीचं वर्ष साधारण असं दिसेल:

- जूनच्या मध्याला शाळा सुरू, पावसाळा.
- ७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. या अकरा दिवसांत लालबागमध्ये गुपचूप काही करायचं असेल तर गर्दी हा अडथळाही आहे आणि आडोसाही.
- १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान.
- जानेवारीत प्रिलिम.
- २१ फेब्रुवारीला बोर्डाचा पहिला पेपर, १३ मे रोजी निकाल.

दहावीच्या मुलीला डिसेंबरनंतर मोकळा वेळ जवळपास नसतो, त्यामुळे मोठी हालचाल दिवाळीच्या सुट्टीपर्यंत उरकायला हवी. किंवा मुद्दाम प्रिलिममध्ये टाकायची, आणि मग तिची किंमत गुणपत्रिकेत दाखवायची.

वर्ष ठरलं की पैसेही ठरतात. बेस्टच्या (मुंबईच्या शहर बससेवेच्या) बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, एसी बसचं ६ वरून १२. मुंबई महानगर परिसरात रिक्षाचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून २३ वरून २६ रुपये झालं. म्हणजे केतकीच्या दिवाळीत बस पाच रुपयांची आहे आणि बोर्डाच्या पेपरला जाताना रिक्षा सव्वीसची. आकडे ठिकठिकाणी पेरायची गरज नाही, पण एकदा दिलात तर त्या महिन्याचाच द्या.

## टप्पा ४: चार रकाने

कथानक लिहायच्या आधी हा तक्ता करा. हाच टप्पा लेखक टाळतात आणि हाच पुढे सगळं वाचवतो. प्रत्येक नियोजित प्रसंगासमोर चार रकाने भरायचे: वेळ (किती वाजता सुरू, किती वाजता घरी), पैसे (हातात किती, खर्च किती, उरले किती), परवानगी (कुणाला काय सांगितलं, त्यातलं खोटं किती), मोबाइल (कुणाचा, बॅटरी किती, रिचार्ज आहे का).

केतकी शाळा सुटल्यावर बंद चाळीत जाऊन ट्रंक आणते, हा प्रसंग घ्या. शाळा साडेसहाला सुटते. चाळीपर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालत. वॉचमन सातला जेवण आणायला जातो. आत वीज तोडलेली, म्हणजे उजेड मोबाइलचाच, आणि फोन आईने दिलेला जुना, संध्याकाळपर्यंत २० टक्क्यांवर आलेला. टॉर्च लावली तर आईला फोन करायला बॅटरी उरत नाही. खिशात ४० रुपये. ट्रंक हातात घेऊन गर्दीच्या वेळी लेडीज डब्यात चढणं जमायचं नाही, म्हणजे पावत्या काढून ट्रंक तिथेच सोडावी लागणार. आणि त्यात आजीची वस्तू असेल तर?

तक्ता भरताना शेवटचा प्रश्न आपोआप उभा राहतो. अडथळा म्हणून खलनायक आणावा लागत नाही. खरं तर या वयोगटाच्या शहरी कादंबरीत बिल्डरचा गुंड ही सगळ्यात आळशी युक्ती आहे. वॉचमनचं जेवण पुरतं.

> सावधान: परवानगीचा रकाना सलग तीन प्रसंगांत रिकामा असेल, तर पालक कथेतून गायब झालेत. त्यांना 'कामात गढलेले' म्हणून सोडवू नका. कामावरची आईसुद्धा फोन करते.

मोबाइलची चूक. काही लेखक मोबाइल हरवून किंवा 'नेटवर्क गेलं' म्हणून प्रश्न मिटवतात. एकदा चालतं, दुसऱ्यांदा हसू येतं. त्यापेक्षा फोन चालू ठेवा आणि त्यालाच अडचण करा: घरच्यांनी लोकेशन शेअर चालू ठेवायला लावलंय, क्लासच्या ग्रुपवर कुणीतरी हजेरीचा फोटो टाकलाय, ओमने स्टेटसला नको ते ठेवलंय.

## टप्पा ५: कथानकाचा सांगाडा

आता कथानक. बावीस प्रकरणांच्या पुस्तकात पहिल्या ८०० शब्दांत पात्राला काय हवंय ते दिसलं पाहिजे. चाळीचा इतिहास, गिरण्यांचा संप, आजोबांचं तारुण्य हे सगळं पाचव्या प्रकरणापर्यंत थांबू शकतं. बऱ्याच हस्तलिखितांची पहिली वीस पानं याच मजकुराने अडवलेली असतात.

सातव्या-आठव्या प्रकरणापर्यंत पहिलं खोटं पकडलं जावं. अकराव्याच्या आसपास मूळ इच्छाच बदलावी (पावत्या मिळतात, पण त्यावर आजोबांचं नाव नाही). सतराव्या-अठराव्यात नायिकेच्या चुकीची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागावी. शेवटचा निर्णय मुलांनी घ्यावा, मोठ्यांनी फार तर सही करावी. मामा पोलिसात आहे, काकू वकील आहे आणि विसाव्या प्रकरणात दोघं येऊन सगळं मिटवतात, असं झालं की पुस्तक हातातून गेलं.

घराचा प्रकार नीट माहीत करून घ्या. पागडीची (एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने घेतलेली) चाळ, झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर, म्हाडाची वसाहत आणि सोसायटीतला फ्लॅट यांचे नियम वेगळे आहेत. लालबागच्या जुन्या चाळीला, म्हणजे उपकरप्राप्त इमारतीला (जिच्या दुरुस्तीसाठी उपकर भरला जातो), झोपडपट्टी पुनर्वसन (झोपु) योजना लागू होत नाही. तिथे भाडेकरू असल्याचा पुरावा चालतो, आणि म्हणूनच भाडेपावतीला कथेत वजन आहे. झोपडपट्टीची कथा असेल तर कागद बदलतात आणि 'सन २००० च्या आधीचा पुरावा' हा शब्दप्रयोग घराघरात ऐकू येतो. या दोन्हींची खिचडी केली की ज्या वाचकाचं घर खरंच यातून गेलंय, तो पहिला नाराज होतो.

## टप्पा ६: संवाद

निवेदन साध्या प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही विभागणी बहुतेक पुस्तकांना मानवते. पण बोली म्हणजे दर वाक्याला 'भावा' नव्हे. तरुणांचे शब्द दोन-तीन वर्षांत शिळे होतात, आणि पुस्तक छापून येईपर्यंत वर्ष तर जातंच. म्हणून टिकलेले शब्द वापरा: कल्टी मारणं, वाट लागणं, लोड घेणं, राडा, डोक्याची मंडई. या महिन्यात रीलमधून आलेला शब्द गाळा. शहर बदललं की बोलीही बदला. नागपूरच्या मुलाचं 'काहून बे' लालबागच्या गॅलरीत आणू नका.

खरी चूक मात्र शब्दांत नसते, लांबीत असते. किशोर पात्रं मोठ्यांशी पूर्ण वाक्यात स्पष्टीकरण देत नाहीत. हे पाहा:

*आधी:*
"आई, आज मला घरी यायला उशीर होईल, कारण शाळेत आमचा जादा तास आहे आणि त्यानंतर मला मैत्रिणीकडून वही घ्यायची आहे."

*नंतर:*
"एक्स्ट्रा लेक्चर आहे."
"संपली म्हणालीस ना काल?"
"सायन्सची संपली. मॅथ्सची नाही."
"किती वाजतील?"
"आठ. साडेआठ."
"दादरला गाडीत बसलीस की मिस्ड कॉल दे."

पहिल्यात माहिती आहे. दुसऱ्यात आईला आलेला संशय, घाईत बदललेलं खोटं आणि पुढच्या प्रसंगाची मुदत, तिन्ही आहेत. तो मिस्ड कॉल आता वेळेवर जायलाच हवा, आणि बॅटरी २० टक्के आहे.

हिंदी आणि इंग्रजी येणारच. क्लासमधल्या मित्राशी केतकी हिंदी बोलते, तर बोलू द्या. पण एका संवादात भाषा बदलायला कारण हवं: समोरचा माणूस बदलला, राग आला, किंवा लपवायचं आहे. चॅटचे संदेश पुस्तकात देवनागरीतच द्या, एका वेळी चार-पाच ओळींहून जास्त नकोत. पानभर चॅट कंटाळवाणं होतं.

> तपासा: प्रकरण मोठ्याने वाचा. बोलणाऱ्याचं नाव झाकलं तरी केतकी आणि ओम वेगळे ओळखू येतात का?

## टप्पा ७: कायदा आणि नाजूक विषय

इथे चूक झाली तर ती फक्त लेखनापुरती उरत नाही, मुलांच्या डोक्यात चुकीची माहिती जाते.

पोलीस. अठराखालच्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. बाल न्याय कायदा २०१५ नुसार त्याला २४ तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. बेड्या नाहीत, आणि त्याच्याशी वागणारे पोलीस साध्या वेशात असावेत असं नियम सांगतात. बंद खोलीत शिरलेल्या केतकीला 'रात्रभर लॉकअपमध्ये' बसवलंत तर प्रसंग बेकायदा आहे. पोलिसांनी नियम मोडला असं दाखवायचं असेल, तर ते नियम मोडणं आहे हे कुण्या पात्राला माहीत हवं.

गाडी. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीचा परवाना मिळतो. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मित्राची बाइक पळवण्याच्या प्रसंगात बापाचा चेहराही दिसला पाहिजे.

अत्याचार. शाळेतल्या समजूतदार बाई अत्याचार झालेल्या मुलीचं ऐकून घेतात आणि 'हे आपल्यातच राहील' म्हणतात, हा प्रसंग वारंवार येतो. पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्यानुसार अशी माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. न कळवणारं स्वतःच मूल असेल तर ती शिक्षा लागू नाही. म्हणजे मैत्रीण गुपित ठेवू शकते, बाई ठेवू शकत नाहीत. कथेतला ताण तिथून काढा. मदतीचा उल्लेख हवा असेल तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक.

आत्महत्या, स्वतःला इजा. पद्धत, साधन, जागा यांचं वर्णन नको. निकालाच्या प्रकरणात तर अजिबात नको.

## टप्पा ८: खर्डा आणि पहिले वाचक

पहिला खर्डा आठ-दहा आठवड्यांत संपवा, मध्ये दुरुस्तीला थांबू नका. संपल्यावर तीन आठवडे बाजूला ठेवा. नंतरच्या वाचनात आधी चार रकान्यांचा तक्ता पुन्हा ताडून पाहा, भाषा शेवटी.

मग पाच मुलं निवडा, वाचणारी तीन आणि न वाचणारी दोन. ओळखीच्यांची मुलं असली तरी पालकांना विचारून. 'आवडलं का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण मुलं सभ्यपणे हो म्हणतात. छापील प्रत आणि पेन्सिल द्या आणि एवढंच सांगा: वाचताना जिथे मोबाइल हातात घेतलास तिथे रेघ मार, आणि जिथे 'असं नसतं' वाटलं तिथे फुली. पाचांपैकी तिघांची रेघ एकाच पानावर आली तर ते पान कापा. फुलीवर वाद घालू नका, कारण विचारा. बऱ्याचदा उत्तर असं येतं: 'दहावीला एवढा वेळ कुठे असतो?'

## टप्पा ९: हस्तलिखित पाठवताना

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं विस्कटतात आणि रफार भलतीकडे जातो. सगळी प्रकरणं एका फाइलमध्ये, पानांना क्रमांक, 'केलं' किंवा 'केले' यापैकी एकच रूप निवेदनभर. गाण्याच्या ओळी उद्धृत केल्या असतील तर काढा. त्यांची परवानगी घेणं किचकट आणि खर्चिक असतं, आणि लेखक गेल्यावरही साठ वर्षं हक्क टिकतो. 'गाडीत कुणाच्या तरी फोनवर जुनं गाणं वाजत होतं' एवढं पुरतं.

सोबत एका पानाचा सारांश जोडा आणि त्यात शेवट सांगा. संपादकापासून शेवट लपवून ठेवण्याची चूक नवखे लेखक नेमाने करतात. वयोगट, शब्दसंख्या, कथेचं वर्ष आणि परिसर पहिल्या दोन ओळींत लिहा. हाताने काढलेला नकाशा स्कॅन करून जोडला तर चित्रकाराचं काम निम्मं होतं, फक्त त्यावरची खऱ्या दुकानांची आणि माणसांची नावं आधी खोडा.